ग्रहणाचा डाग

मुलाच्या अंगावर जन्मतः डाग दिसला कीं आमच्या नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांतील, वडीलधारी मंडळी आईलाच विचारीत, "ग्रहणांत कांहीं चिरलें होतेंस काय?" माझ्या वर्गांत असा एक मुलगा होता. पाठीवर कडुनिंबाच्या पानाच्या आकाराचे फिकट डाग, गालांवर बारीक लाल पुळ्या. धडा चालू असतां तो क्षणभर शून्यांत पाही. हांक मारली तरी ओ देत नसे. तो उद्धटपणा समजून मीं त्याला छड्या मारल्या. पुढें शहरांतील डॉक्टरांनीं विकाराचें नांव सांगितलें : ट्यूबरस स्क्लेरोसिस.

१८८० सालीं पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत बूर्नव्हिल यांनीं, फेंफरें येऊन वारलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचा मेंदू तपासला. त्यांत कंदासारख्या कठीण गांठी आढळल्या. त्यांवरूनच हें नांव पडलें. चेहऱ्यावरील पुरळाशीं त्यांचा संबंध मात्र त्यांना उमगला नाहीं. फेंफरें, बुद्धिमांद्य आणि चेहऱ्यावरील पुळ्या हीं एकाच विकाराचीं लक्षणें आहेत, हें जर्मनींतील फोक्ट यांनीं १९०८ मध्यें दाखवून दिलें.

त्वचा आणि मेंदू यांचें नातें गर्भापासूनचें आहे. त्वचेचा वरचा थर व मेंदू हीं दोन्हीं गर्भाच्या एकाच बाह्य थरापासून घडतात. म्हणून मूळ बिघाड दोहोंकडे उमटतो. ज्यांत तो होतो तीं दोन जनुकें १९९३ व १९९७ सालीं सांपडलीं. सुमारें सहा हजार जन्मांत एकास हा विकार होतो, आणि सुमारें दोनतृतीयांश रुग्णांत तो आईबापांकडून न येतां नव्यानेंच उद्भवतो. अशा मुलांत स्वमग्नता, चंचलता, चिंता हे त्रासही पुष्कळदां आढळतात. तो हट्ट नव्हे, बाधा नव्हे, ग्रहण तर नव्हेच.

तथापि प्रत्येक लाशास भिऊं नये. बहुतेक लासीं निरुपद्रवी असतात. परंतु तान्ह्या मुलाच्या अंगावर तीन किंवा अधिक फिकट डाग असतील, अथवा जोडीला झटके येत असतील, तर मांत्रिकाकडे न जातां डॉक्टरांकडे जावें.

निदान समजल्यावर मी त्या मुलाच्या घरीं गेलों. छड्यांबद्दल क्षमा मागितली. त्याची आई त्याविषयीं कांहीं बोलली नाहीं; तिनें एवढेंच विचारलें, "मास्तर, म्हणजे माझा दोष नव्हता ना?" बारा वर्षें ती माउली हा प्रश्न उराशीं धरून होती.