लोणारचा खार आणि फिरस्ती जनुके

अकबराच्या कारकिर्दीतील अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरकडील लोणारची जी दखल घेतली, ती दैत्यसूदनाच्या देवळातील शिल्पांसाठी नव्हे, तर काच आणि साबण करण्यास लागणारे क्षार तेथे निपजतात व त्यांपासून सरकारात बरा महसूल जमा होतो, एवढ्याचसाठी. पुढे अंमल बदलत गेले. परंतु डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी ओळखला जाणारा हा खार तेथील सरोवराचे पाणी ओसरताच काठावरून गोळा होतच राहिला. लवणासुराची कथा सांगणाऱ्या भाविकाला आणि वसुलीवर नजर ठेवणाऱ्या अंमलदाराला एकाच जलाशयाची दोन निरनिराळी रूपे दिसत होती. त्या पाण्यात काय जगते, याची चौकशी मात्र दोघांपैकी कोणाच्याच दफ्तरी नव्हती.

जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. वृत्तपत्रांची जिज्ञासा तेथेच शमली. वस्तुतः याच कुळातील हॅलोबॅक्टेरियमने त्यापूर्वी 37 वर्षे एक अधिक नवलाची गोष्ट उघड केली होती. प्रयोगशाळेतील बशीत या जीवाच्या जांभळ्या वसाहती वाढवल्या, की दर दहा हजारांमागे सुमारे एक फिकट निघे. शिलादित्य दाससर्मा, राजभंडारी आणि हरगोविंद खुराना यांनी 1983 मध्ये दाखवून दिले, की जांभळ्या प्रथिनाच्या जनुकात दुसरीकडून उडी मारून आलेला डीएनएचा तुकडा घुसल्यामुळे हा रंग हरपतो. अशा फिरस्त्या तुकड्यांचा छडा मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून 1940 च्या दशकातच लावणाऱ्या बार्बरा मॅक्लिन्टॉक यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही योगायोगाने 1983 मध्येच. इतक्या विलंबाने मिळालेल्या सन्मानाला न्याय म्हणावे काय, हा प्रश्नच आहे.

घुसखोराने जनुक बिघडवावे आणि चोराने घटनास्थळी पगडी विसरावी तशी स्वतःची ओळखखूण तेथेच ठेवावी, हा या प्रकारातील खरा लाभ होय. कारण त्या खुणेच्या अलीकडचा-पलीकडचा मजकूर वाचला, की कोणते जनुक बिघडले ते कळते, आणि प्राण्यात काय बिघडले ते पाहून त्या जनुकाचे काम ठरवता येते. सस्तन प्राण्यांत मात्र असा कामसू फिरस्ता हाताशी नव्हता. 1997 मध्ये इव्हिक्स, हॅकेट, इझ्वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅमन कुळातील माशांच्या जनुकसंचात लक्षावधी वर्षे निपचित पडलेल्या अशा तुकड्यांचे अनेक मोडके नमुने ताडून मूळ पाठ पुन्हा सिद्ध केला, त्याला ‘स्लीपिंग ब्यूटी’ हे नाव दिले, आणि तो मानवी पेशींतही उड्या मारतो हे दाखवले. 2005 पासून तो उंदरांत सोडून, निरनिराळ्या अर्बुदांत पुनःपुन्हा एकाच जनुकापाशी सापडणाऱ्या खुणांवरून कर्करोगास कारण होणारी जनुके शोधण्यात येऊ लागली. त्याच वर्षी कोबीवरील एका पतंगापासून मिळालेला ‘पिगीबॅक’ही उंदरात वापरला गेला, ज्याची सोय अशी की तो निघून जाताना सहसा मागे ओरखडाही ठेवीत नाही.