विद्युत् दाबाची पायरी : मापनातील विभेदनक्षमतेचा इतिहास

विद्युत् दाबाच्या मापनाचा इतिहास सामान्यतः वाढत्या अचूकतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यात दोन निराळे प्रवाह आहेत. मापन खऱ्या मूल्याच्या किती निकट आहे, हा अचूकतेचा प्रश्न होय. परस्परांपासून वेगळा ओळखता येणारा लहानात लहान फरक कोणता, हा विभेदनक्षमतेचा. संगणकाला जोडलेल्या मापनसाधनांत हे दोन्ही प्रश्न एकच समजले जातात आणि पडद्यावर उमटलेला प्रत्येक अंक प्रयोगवहीत पुरावा म्हणून उतरतो. ही गल्लत कशी संभवली, हे इतिहासावरून उमगते.

योहान पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये समतोलनाची पद्धती मांडली. अज्ञात दाब ज्ञात दाबाशी तोलावयाचा आणि गॅल्व्हानोमीटरचे विचलन शून्यावर आणावयाचे, हे तिचे सूत्र. पुढे एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये कॅडमियमचा प्रमाण घट सिद्ध केला, २०° सें. तापमानास त्याचा दाब सुमारे १.०१८६ व्होल्ट असतो. या मांडणीत विभेदन गॅल्व्हानोमीटरच्या संवेदनशीलतेवर व निरीक्षकाच्या दृष्टीवर, तर अचूकता मुख्यतः प्रमाण घटावर अवलंबून होती. दोन गुणांची दोन साधने मेजावर वेगवेगळी दिसत असल्याने त्यांची सरमिसळ होण्यास फारसा वाव नव्हता.

पायरीची कल्पना आली ती दूरध्वनीच्या क्षेत्रातून. ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ध्वनिसंकेत ३२ पायऱ्यांत, म्हणजे पाच बिटांत, मांडण्याची योजना केली. सलग राशीला पायऱ्यांत बसविताना काही अंश गमावला जातोच. डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्ये या त्रुटीचे गणिती विवेचन केले : संकेत पुरेसा चंचल असल्यास तिचे वर्गमाध्य मूळ एका पायरीच्या सुमारे ०.२९ पट असते. १९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीने निर्वात नलिकांचा अकरा बिटांचा परिवर्तक बाजारात आणला. तो सेकंदाला ५०,००० नमुने घेई. १९८१ नंतर व्यक्तिगत संगणक प्रयोगशाळांत शिरले व असे परिवर्तक त्यांच्या आत बसणाऱ्या फलकांवर आले.

येथेच दोन्ही गुण एका पेटीत बंद झाले. बारा बिटांच्या परिवर्तकात ४,०९६ पायऱ्या असतात. १० व्होल्टच्या पल्ल्यात एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची होते. के जातीच्या तपयुग्माचा दाब अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्टने बदलतो. म्हणजे थेट जोडणीत एका पायरीत सुमारे ६० अंशांचा फरक गडप होतो, आणि संगणक मात्र तापमान दोन दशांश स्थळांपर्यंत छापू शकतो. शंभरपट प्रवर्धन केल्यास पायरी ०.६ अंशावर येते. परंतु प्रवर्धकाचा स्वतःचा रव व विस्थापनही त्यासोबत येते.

रव हा केवळ शत्रू नव्हे, हा या इतिहासातील उद्बोधक भाग होय. लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी १९६२ मध्ये चित्रसंकेतांत पायऱ्या पाडण्यापूर्वी हेतुतः रव मिसळून नंतर तो वजा करण्याची रीत प्रसिद्ध केली. वाचन शेजारच्या पायऱ्यांवर हलविण्याइतका रव असेल, तरच अनेक वाचनांच्या सरासरीतून पायरीहून सूक्ष्म मूल्य हाती येते. हजार वाचने तंतोतंत सारखी आली, तर त्यांची सरासरी एका वाचनाहून अधिक काही सांगत नाही.

अचूकतेचा प्रवाह मात्र स्वतंत्रच वाहिला. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये वर्तविलेल्या परिणामाच्या आधारे १९९० पासून प्रयोगशाळांनी व्होल्ट वारंवारतेशी जोडला. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनचा भार व प्लांकचा स्थिरांक यांची मूल्ये निश्चित करण्यात आली. परिवर्तकाचे बिट वाढविल्याने या प्रमाणाशी असलेले नाते आपोआप दृढ होत नाही; संदर्भ दाब एक टक्क्याने चुकला, तर सोळा बिटांच्या ६५,५३६ पायऱ्याही त्याच प्रमाणात चुकतात.

म्हणून प्रयोगवहीत वाचनासोबत पल्ला, पायरीचे मूल्य, लघुपथित प्रवेशावर आढळलेला रव आणि संदर्भ दाबाची तपासणी यांची नोंद आवश्यक ठरते. पोगेनडॉर्फच्या मेजावर जे डोळ्यांना वेगळे दिसत होते, ते आता नोंदीनेच वेगळे राखावे लागते.