हरकी, हुकूमनामा आणि खर्च

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आजी आजोबांना ऐकवायची. आजोबा मात्र बांधाचा दावा जिंकून बसले होते, तोही ‘खर्चासह’. हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता होता: दाव्याचा स्टँप, वकीलपत्राचा स्टँप, समन्सची फी, साक्षीदारांचा भत्ता, वकील फी. हे सगळं प्रतिवादीने, म्हणजे चुलतभावाने, द्यायचं. पण वकील फी धरलेली नियमाप्रमाणे, दाव्याच्या किमतीवरून. वकीलसाहेबांनी घेतले ते त्याच्या कितीतरी पट. तालुक्याच्या खेपा, साक्षीदारांची जेवणं, नकलेसाठी कारकुनाचं चहापाणी, यांना तक्त्यात रकानाच नव्हता. मंजूर झालेला खर्च वसूल करायचा तर दरखास्त लावा. म्हणजे पुन्हा स्टँप, पुन्हा वकील.

“पेशवाई बरी,” आजोबा म्हणायचे. हे त्यांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. तेव्हा निवाडा झाला की जिंकणारा सरकारात हरकी भरायचा, हरणारा गुन्हेगारी. दोघांच्याही खिशाला चाट, पण राजरोस. इंग्रजांनी आधी पैसे, मग न्याय अशी रीत घातली. १८७० चा कोर्ट फी कायदा आला, आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५: खर्च हरणाऱ्यावर, तसा बसवायचा नसेल तर कोर्टाने कारण लिहावं.

खुद्द विलायतेत हा नियम किती जड पडतो, ते पणजोबांच्या पिढीने पाहिलं. टिळकांनी इंग्रज पत्रकार चिरोलवर लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली ते हरले. खर्च लाखांत गेला, लोकांनी वर्गणी काढली. पणजोबांनीही आपल्या परीने काही दिलं म्हणे. स्वतःच्या भाऊबंदकीत मात्र त्यांनी कधी एक पैसा सोडला नाही, ही आजीची पुस्ती.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिंकणाऱ्याला प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मिळावा. त्यात त्याचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्कामही धरावा. आजोबांच्या तक्त्यात नसलेले रकाने ते हेच. तरीही ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ हे वाक्य निकालपत्रांतून गेलेलं नाही. खोट्या, त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल भरपाईचं कलम ३५-अ आहे खरं, पण संहितेत तिची कमाल मर्यादा ३,००० रुपये. तेवढ्यात आज तालुक्याचा वकील फाइलसुद्धा उघडत नाही.