दर्यावरची पावती

आपल्या धाराशिवला समुद्र नाही, पण आठवडी बाजारात बसायची पावती सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणच्या दर्यावर मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे पैसे घेऊन अशीच पावती देत. तिला दस्तक म्हणत. दस्तक नसलेलं जहाज त्यांची माणसं धरून नेत. इंग्रजांनी दस्तक घ्यायचं नाकारलं आणि कान्होजींनाच चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, ठरवलं. पोर्तुगीज त्याच्या कितीतरी आधीपासून असाच परवाना विकत होते, कार्ताझ नावाचा. तो मात्र कायदा! १७२१ मध्ये दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, हात हलवत परतले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. १७५६ मध्ये विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला आपलेच पेशवे होते.