0.6 की 0.1 मिलिमीटर? निळ्या डिस्कचं भांडण आणि आपली व्हीसीडी

19 फेब्रुवारी 2002 ला सोनी, मात्सुशिता (म्हणजे आजची पॅनासॉनिक), फिलिप्स, पायोनियर, हिताची, शार्प, एलजी, सॅमसंग आणि थॉमसन या नऊ कंपन्यांनी मिळून ‘ब्लू-रे’ नावाच्या नव्या डिस्कची घोषणा केली. बरोबर सहा वर्षांनी, 19 फेब्रुवारी 2008 ला, तोशिबाने आपली ‘एचडी डीव्हीडी’ बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात जे झालं त्यावर इंटरनेटवर ढीगभर लिहिलेलं आहे. कोणत्या स्टुडिओने कधी पक्ष बदलला, प्लेस्टेशनने कसं जिंकून दिलं, वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण भांडण मुळात प्लास्टिकच्या एका थराच्या जाडीवरून होतं, आणि त्या जाडीमागे प्रश्न होता की चालू असलेल्या जुन्या यंत्रांचं काय करायचं. हाच प्रश्न त्याच वर्षांत आपल्या शहरातही, पैठण रोडवर, वेगळ्या रूपात उभा होता. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, एक भागाकार आणि एक वर्ग, एवढंच आहे.

डिस्कवर माहिती बारीक खड्ड्यांच्या रूपात असते आणि लेझरचा ठिपका त्यावरून फिरून ती वाचतो. ठिपका जितका लहान, तितके खड्डे लहान करता येतात आणि डिस्कवर जास्त माहिती मावते. पण भिंग कितीही चांगलं असलं तरी प्रकाशाचा ठिपका एका मर्यादेखाली जात नाही. ती मर्यादा दोन गोष्टींवर ठरते: प्रकाशाची तरंगलांबी, आणि भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं तो आकडा, म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर (पुढे नुसतं एनए म्हणू). पहिल्याला दुसऱ्याने भागा, ठिपक्याच्या व्यासाचा अंदाज मिळतो.

डीव्हीडीचा लाल लेझर 650 नॅनोमीटरचा, एनए 0.60. भागाकार 1083. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोघांचाही लेझर 405 नॅनोमीटरचा, म्हणजे तसा जांभळट निळा. एचडी डीव्हीडीचा एनए 0.65, भागाकार 623. ब्लू-रेचा एनए 0.85, भागाकार 476. आता माहिती क्षेत्रफळावर मावते, म्हणून गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा. डीव्हीडीच्या मानाने एचडी डीव्हीडीत साधारण 3 पट, ब्लू-रेत 5.2 पट. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावतं. गुणा: 14 आणि 24. कंपन्यांनी जाहीर केलेले आकडे होते 15 आणि 25 जीबी. कागदाच्या पाठीवर केलेलं गणित इतकं जवळ जातं तेव्हा मला तरी फार बरं वाटतं. (सीडीवरून डीव्हीडीला हेच गणित लावलं तर मात्र उत्तर बरंच कमी येतं, कारण तिथे कोडिंगमध्ये आणि चूक-दुरुस्तीतही मोठी सुधारणा झाली होती.)

म्हणजे निळा लेझर दोघांकडे सारखाच. तो आला गॅलियम नायट्राइडमधून. निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये तेजस्वी निळा एलईडी करून दाखवला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत निळ्या-जांभळ्या लेझर डायोडपर्यंत मजल गेली. निळ्या एलईडीसाठी 2014 चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, ते आपल्याला माहीत असतं. दोन्ही छावण्या याच एका शोधावर उभ्या होत्या, हे फारसं कोणी सांगत नाही.

फरक एनएमध्ये. मग तोशिबाने पण 0.85 का नाही घेतला? इथे जाडी येते.

लेझरला खड्ड्यांपर्यंत पोचायला आधी पारदर्शक प्लास्टिकमधून जावं लागतं. डिस्क फिरताना किंचित तिरकी झाली की ठिपक्याला शेपूट फुटतं, धूमकेतूसारखं. ऑप्टिक्समध्ये या दोषाचं नावही ‘कोमा’च आहे. हा दोष एनएच्या घनाच्या आणि प्लास्टिकच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. एनए 0.65 वरून 0.85 केला तर तो 2.2 पट होतो. तो आटोक्यात ठेवायचा तर प्लास्टिक पातळ करणं भाग. ब्लू-रेवाल्यांनी ते 0.6 वरून थेट 0.1 मिलिमीटरवर आणलं. (माझं काम पातळ थरांवर आहे, तिथे सगळा हिशोब नॅनोमीटरमध्ये चालतो. 0.1 मिलिमीटर म्हणजे आमच्या दृष्टीने डोंगर. पण कारखान्यात मिनिटाला कित्येक डिस्क काढताना हा थर सगळीकडे एकसारखा बसवणं सोपं नव्हतं.)

पातळ थराची दुसरी पंचाईत म्हणजे धूळ. डीव्हीडीच्या पृष्ठभागावर लेझरची झोत साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे बारीकसा ओरखडा तिच्या अंगावरून निघून जातो. ब्लू-रेच्या पृष्ठभागावर ती जेमतेम 0.13 मिलिमीटर. तोच ओरखडा इथे वाटच अडवतो. म्हणून 2003 मध्ये जपानात आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या डिस्क चक्क डबीत बंद असायच्या, जुन्या फ्लॉपीसारख्या. पुढे टीडीकेने टणक लेप काढला तेव्हा डबी गेली.

तोशिबाने 0.6 मिलिमीटर सोडला नाही, त्यामागे जुना इतिहास आहे. 1995 मध्ये डीव्हीडी ठरतानाही असेच दोन गट होते: एकीकडे सोनी-फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि टाइम वॉर्नर. कॉम्प्युटर कंपन्यांनी, विशेषतः आयबीएमने, दोघांना एकत्र बसायला लावलं. त्या तडजोडीत 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या पाठीला पाठ लावून चिकटवायची तोशिबाच्या गटाची रचना स्वीकारली गेली, आणि कोडिंगची पद्धत सोनी-फिलिप्सची. म्हणजे जगभरच्या डीव्हीडी कारखान्यांतली यंत्रं तोशिबाच्या रचनेवर उभी होती. एचडी डीव्हीडीसाठी त्याच यंत्रांत थोडा बदल पुरत होता. ब्लू-रेसाठी नवी यंत्रं घ्यावी लागणार होती. तोशिबाचा युक्तिवाद एका वाक्यात असा: चालू कारखाना मोडू नका.

2005 मध्ये दोघांत एकीची बोलणी झाली आणि मोडली ती या रचनेवरच. बाकी वादही होते, पण त्यांतून मार्ग निघाला असता. 0.6 आणि 0.1 च्या मधला आकडा घेऊन कोणाचंच भलं होणार नव्हतं.

पुढची हकिकत पटकन सांगतो. एचडी डीव्हीडीचा प्लेअर अमेरिकेत एप्रिल 2006 मध्ये 499 डॉलरला आला. सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर जूनमध्ये, हजार डॉलरला. किमतीत तोशिबा सरळ पुढे. नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन 3 आला आणि खेळायला म्हणून घेतलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर ब्लू-रे घरात शिरला. (निळे डायोड पुरेसे तयार होत नव्हते म्हणून युरोपातलं आगमन मार्च 2007 पर्यंत लांबलं, इतकी ओढाताण होती.) ऑगस्ट 2007 मध्ये पॅरामाउंट तोशिबाकडे गेलं. त्या नोव्हेंबरात वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला. आणि 4 जानेवारी 2008 ला वॉर्नरने सांगितलं की यापुढे फक्त ब्लू-रे. हे तेच वॉर्नर, 1995 मध्ये तोशिबाच्या बाजूला बसलेलं. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत खेळ संपला. स्वस्त प्लेअर होते, कारखाने तयार होते, पण लावायला सिनेमेच उरले नाहीत.

आता इकडे या.

ही लढाई चालू असताना आपल्याकडे घरोघरी काय होतं? व्हीसीडी. 1993 मध्ये ठरलेला फॉरमॅट, साध्या सीडीवर बसणारा, चित्र 352 गुणिले 288. ब्लू-रेचं चित्र 1920 गुणिले 1080. गुणाकार करून बघा, वीसपट फरक येतो. एका डिस्कवर 74 मिनिटं, त्यामुळे हिंदी सिनेमाला दोन-तीन डिस्क लागायच्या आणि ऐन भांडणाच्या सीनला उठून डिस्क बदलावी लागायची. अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही. चीन, आग्नेय आशिया आणि भारत इथे ती राज्य करत होती.

याचं कारण लोकांना चांगलं चित्र नको होतं, असं म्हणणं मला पटत नाही. घरातला टीव्ही 21 इंची, काचेच्या ट्यूबचा. त्यावर एचडी दिसणारच नव्हतं. ग्रामीण मराठवाड्यात त्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग. प्लेस्टेशन 3 भारतात 2007 मध्ये आला तो सुमारे 40 हजार रुपयांना. आणि मुख्य म्हणजे सीडी रायटर असलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर व्हीसीडी तयार होत होती. त्यामुळे पायरसी झाली हे खरं, पण त्याच सोयीमुळे भीमगीतं, कीर्तनं, लावणीचे कार्यक्रम, खान्देशातल्या अहिराणी कॉमेड्या आणि गल्लीतल्या लग्नाचं शूटिंग, सगळं डिस्कवर आलं. इथून जवळच्या मालेगावात नासिर शेख यांनी 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला, त्या सगळ्या धंद्याचा जीव अशा स्वस्त व्हिडिओवरच होता. ब्लू-रेचं एन्क्रिप्शन आणि परवान्यांचा खर्च धरला तर यातलं काहीही त्या डिस्कवर आलं नसतं. हॉलिवूडच्या काही स्टुडिओंना ब्लू-रे आवडला तो तर जास्त कडक कुलपासाठीच.

नोएडाच्या मोझर बेअरने हे बरोबर ओळखलं. ही कंपनी कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. 2007 मध्ये तिने फिलिप्सची ओएम अँड टी ही ऑप्टिकल डिस्कवर संशोधन करणारी कंपनी विकत घेतली, म्हणजे निळ्या डिस्कसाठीची तयारी होती. पण इथल्या बाजारात तिने काय आणलं? 28 रुपयांची व्हीसीडी आणि 34 रुपयांची डीव्हीडी, अनेक भारतीय भाषांतल्या सिनेमांची. चालू यंत्रं, भरपूर माल, पडलेला भाव. तोशिबाचा जो युक्तिवाद अमेरिकेत हरला, तो आपल्याकडे काही वर्षं तरी जोरात चालला.

आणि तोशिबा म्हटलं की आपल्या शहराला व्हिडिओकॉन आठवणारच. 1980 च्या दशकात धूत कुटुंबाने रंगीत टीव्ही करायला घेतला तो तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने. उस्मानपुऱ्यातून स्टेशन ओलांडून पैठण रोडला लागलं की पुढे चितेगाव, तिथे कारखाना. आमच्या आधीच्या पिढीत ‘व्हिडिओकॉनला आहे’ एवढं सांगितलं की स्थळ पुढे सरकायचं.

2005 मध्ये, म्हणजे तिकडे एकीची बोलणी मोडली त्याच वर्षी, व्हिडिओकॉनने थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जागतिक व्यवसाय घ्यायचा करार केला. सुमारे 24 कोटी युरोचा सौदा. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने. थॉमसन हे नाव या पोस्टच्या पहिल्या ओळीत आहे, ब्लू-रेच्या नऊ कंपन्यांत. ट्यूबच्या धंद्यातून ते बाहेर पडत होते आणि आपली कंपनी आत जात होती. हा वेडेपणा होता का? मला तसं वाटत नाही. भारतात तेव्हा विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक टीव्ही ट्यूबचा होता, आणि यंत्रं उतरत्या भावात मिळत होती. हिशोब तोशिबासारखाच होता. चुकला तो वेगात. सपाट पडद्यांच्या किमती अंदाजापेक्षा फार लवकर कोसळल्या आणि काही वर्षांतच त्या ट्यूबना गिऱ्हाईक उरलं नाही. 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामागे तेल, टेलिकॉम आणि कर्जाचीही मोठी कारणं आहेत, सगळं ट्यूबवर ढकलणं बरोबर नाही. त्याच वर्षी मोझर बेअरच्या अवसायनाचा आदेश निघाला.

जिंकलेल्या डिस्कचंही फार बरं चाललंय असं नाही. तोशिबाने 2009 मध्ये स्वतःच ब्लू-रे प्लेअर काढायला घेतले. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये घरी रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. लोक स्ट्रीमिंगवर गेले.

आपल्या कपाटांत मात्र व्हीसीडी अजून आहेत, आणि त्यातल्या घरगुती शूटिंगच्या बहुतेक सीडी-आर आहेत. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कमध्ये खड्डे साच्याने दाबलेले असतात, सीडी-आरमध्ये तसे नसतात. तिथे रंगद्रव्याचा थर लेझरने जाळलेला असतो, आणि तो उष्णतेने, उन्हाने हळूहळू उतरतो. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरातल्या कपाटात काय तापमान असतं ते सांगायला नको. घरात आजोबांचं कीर्तन किंवा आत्याचं लग्न अशा डिस्कवर असेल तर सीडी ड्राइव्ह असलेला जुना कॉम्प्युटर शोधा. डिस्क उघडल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात ‘डॅट’ फाइल असते, तीच व्हिडिओ. कॉपी करून घ्या, व्हीएलसीमध्ये चालते. कॉपी होताना मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, दोन ड्राइव्हची नजर सारखी नसते. जुना ड्राइव्ह कुठेच मिळाला नाही तर ब्लू-रे ड्राइव्ह असलेलं कोणी ओळखीचं गाठा. त्यात निळ्याबरोबर लाल आणि सीडीसाठीचा 780 नॅनोमीटरचा लेझरही असतो, त्यामुळे बहुतेक ड्राइव्ह व्हीसीडी वाचतात.