विद्यापीठाचं दुसरं दार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

"मामा, एक सांगू? पुण्याला आईशी बोललात तर हा कम्युनिटी कॉलेजात जाणार आहे असं म्हणू नका. कॉलेजात जाणार, एवढंच सांगा."

२०१८ सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला भाचीकडे महिनाभर राहिलो होतो. सकाळी चहा गाळता गाळता ती हे बोलली. तिच्या मुलाला विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या हव्या त्या शाखेत प्रवेश मिळाला नव्हता. आता तो घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिकून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं म्हणत होता. तिकडे याला 'ट्रान्सफर' म्हणतात. मुलगा निवांत होता. आईच्या जिवाला मात्र घोर लागला होता. ओळखीतल्या सगळ्यांची मुलं थेट विद्यापीठात गेलेली, आणि आपला मुलगा मागच्या दाराने जाणार!

मी जन्मभर इतिहास शिकवला. तेव्हा मला वाटलं, हे मागचं दार कुणी, कधी आणि कशासाठी बांधलं ते तरी बघू. त्या महिन्यात तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून जे वाचलं आणि पुढे त्यात जी भर पडली, ते आज आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात शिकागोपासून करायला हवी. तिथल्या विद्यापीठात १८९२ साली शिकवणं सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते विल्यम रेनी हार्पर. त्यांच्या मते पदवीची पहिली दोन वर्षं म्हणजे लांबलेली शाळाच. विद्यापीठाचं खरं काम पुढच्या दोन वर्षांत आणि संशोधनात. म्हणून त्यांनी आपल्या विद्यापीठाचे दोन भाग केले आणि खालच्या भागाला पुढे 'ज्युनिअर कॉलेज' हे नाव मिळालं. ती दोन वर्षं विद्यापीठाबाहेरच उरकली तर उत्तमच, असं त्यांना वाटे. त्यांच्याच प्रोत्साहनाने १९०१ मध्ये शिकागोजवळच्या जोलिएट गावात तिथल्या हायस्कूलला जोडून असे वर्ग निघाले. विद्यार्थी होते सहा. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज म्हणून त्याची नोंद होते.

यातली गंमत लक्षात घ्या. गरिबांच्या मुलांना शिकता यावं एवढाच काही यामागचा हेतू नव्हता. विद्यापीठातली गर्दी कमी व्हावी, हाही होता. या दाराला पहिल्यापासून दोन बाजू आहेत. एका बाजूने पाहिलं तर ते आत येण्याचं दार आहे, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर बाहेर थांबवून ठेवण्याचं. पुढचा सगळा इतिहास या दोन बाजूंच्या ओढाताणीचा आहे.

ही कल्पना सर्वांत जास्त रुजली कॅलिफोर्नियात. १९०७ साली तिथल्या कायद्याने हायस्कूलांना पुढचे वर्ग काढायची मुभा दिली. १९१० मध्ये फ्रेझ्नो या शेतीवाडीच्या गावात पहिलं ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. शेतकऱ्याच्या मुलाला बर्कलेला जाऊन राहण्याचा खर्च झेपत नसे, त्याला घरी राहून दोन वर्षं काढता येऊ लागली. मग दुसरं महायुद्ध आलं. परत आलेल्या सैनिकांना १९४४ च्या 'जीआय बिल' कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि कॉलेजं ओसंडून वाहू लागली. पाठोपाठ युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची लाट येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

१९५९ साली तिथे तीन भावांमधल्या वाटणीसारखा पेच उभा राहिला. थोरला भाऊ म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठ, १८६८ साली स्थापन झालेलं, बर्कले आणि लॉस एंजलिस ही त्याची मोठी केंद्रं. मधला म्हणजे राज्य महाविद्यालयं. त्यांना डॉक्टरेटचे आणि संशोधनाचे हक्क हवे होते. धाकटा म्हणजे ज्युनिअर कॉलेजं. शिवाय प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात नवीन कॉलेज हवं होतं. हे आपल्याला नवीन नाही! अखेर बेकर्सफील्डच्या आमदार डोरोथी डोनाहू यांनी विधिमंडळात ठराव आणला, की सगळ्यांनी बसून एकच योजना तयार करावी.

वाटाघाटींतलं मोठं नाव क्लार्क केर यांचं. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष. पेन्सिल्वेनियातल्या शेतकरी कुटुंबात वाढलेले, विषय कामगार अर्थशास्त्र. मालक आणि कामगार यांच्यात तडजोडी घडवून आणण्यात त्यांची हयात गेलेली. तीच विद्या इथे कामी आली. १९६० च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर पॅट ब्राऊन यांच्या सहीने 'मास्टर प्लॅन'मधल्या मुख्य गोष्टींचा कायदा झाला. सही होण्याच्या थोडेच दिवस आधी डोरोथीबाई वारल्या. कायद्याला त्यांचंच नाव दिलं गेलं.

या योजनेने वाटणी कशी केली? हायस्कूलमधून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना विद्यापीठ. वरच्या एक तृतीयांश मुलांना राज्य महाविद्यालयं. आणि ज्याला शिकून फायदा होईल अशा प्रत्येकाला ज्युनिअर कॉलेज, तेही शिक्षणशुल्काशिवाय. याआधी विद्यापीठ साधारण वरच्या पंधरा टक्क्यांतून आणि राज्य महाविद्यालयं जवळजवळ निम्म्या मुलांतून प्रवेश देत होती. म्हणजे योजनेने पुढचं दार चक्क अरुंद केलं! ज्युनिअर कॉलेजात मूल शिकवणं सरकारला स्वस्त पडत होतं, हेही त्याचं एक कारण.

पण पुढचं दार अरुंद करताना दुसरं दार कायद्याच्या चौकटीत बसवलं गेलं. विद्यापीठाने पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी चाळीस टक्क्यांवर आणावेत आणि वरच्या वर्गांत साठ टक्के ठेवावेत, असं ठरलं. वरच्या वर्गांतल्या या जादा जागा म्हणजे बाहेरून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची सोय. हायस्कूलमध्ये ज्याचे गुण कमी पडले, त्यालाही ज्युनिअर कॉलेजात चांगली कामगिरी करून विद्यापीठात येण्याचा मार्ग राहिला. सतराव्या वर्षीचा निकाल हा जन्माचा निकाल नाही, ही गोष्ट एका सरकारने कागदावर लिहून दिली. मला तरी हे फार मोठं वाटतं.

का वाटतं, ते सांगतो. १९७० साली मी इंटर सायन्सला होतो. आमच्या वेळी मेडिकल असो वा इंजिनिअरिंग, सगळं इंटरच्या गुणांवर ठरे. मला थोडे गुण कमी पडले आणि मेडिकल हुकलं. मग मी कलाशाखेकडे वळलो, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. सायन्समध्ये घालवलेली दोन वर्षं कुणी हिशेबात धरली नाहीत. पुढे इतिहास आवडला, त्यातच आयुष्य गेलं, तक्रार नाही. पण केलेला अभ्यास मोजला जाणं म्हणजे काय, हे ज्याचा मोजला गेला नाही त्यालाच कळतं.

मात्र ज्या १९६० साली हा कायदा झाला, त्याच वर्षी बर्टन क्लार्क नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी कॅलिफोर्नियातल्याच सॅन होजे इथल्या एका ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं : विद्यापीठात जाईन म्हणून आलेल्यांपैकी पुष्कळजण तिथवर पोचत नाहीत. त्यांना कुणी 'नाही' म्हणत नाही. चाचण्या, समुपदेशन, सोपे अभ्यासक्रम यांतून त्यांची उमेद हळूहळू थंड केली जाते, आणि शेवटी आपणच कमी पडलो असं त्यांना वाटायला लागतं. हार्परच्या दाराची ती दुसरी बाजू क्लार्क यांनी नेमकी दाखवली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढच्या काळात पैशाचीही चणचण आली. १९७८ मध्ये लोकांनी मतदानाने मालमत्ता कराला लगाम घातला. १९८४ साली कम्युनिटी कॉलेजांत पहिल्यांदा राज्यभर शुल्क लागू झालं, युनिटला पाच डॉलर. २०१२ पासून ते छेचाळीस डॉलर आहे. विद्यापीठाच्या मानाने अजूनही कितीतरी कमी, पण 'फुकट' हा शब्द गेला.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. इथलं गणित तिथे चालेल का? प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक विषय विद्यापीठाच्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, हे ठरवणं म्हणजे अक्षरशः हजारो करार. १९८५ पासून 'असिस्ट' नावाच्या व्यवस्थेत हे करार एकत्र नोंदवले जाऊ लागले. १९९१ मध्ये सर्वसाधारण विषयांचा एक सामाईक संच ठरला. २०१० च्या कायद्याने कम्युनिटी कॉलेजची ठरावीक पदवी घेणाऱ्याला राज्य विद्यापीठात जागेची हमी दिली. अमुकच ठिकाणी आणि अमुकच शाखेत मिळेल, असं मात्र नाही.

आणि गाडी अडते ती नेमकी इथेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवीपूर्व शिक्षण देणारी नऊ केंद्रं आहेत. त्यांतली सहा केंद्रं ठरावीक अटींवर कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना आगाऊ हमी देतात. बर्कले, लॉस एंजलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमीतूनही कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगसारख्या झुंबड उडणाऱ्या शाखा बऱ्याचदा वगळलेल्या असतात. कागदावर किमान पात्रता चारपैकी २.४ ग्रेडची. पण अशा शाखांत तेवढ्यावर कुणी विचारत नाही. शिवाय कॅल्क्युलसचे, भौतिकशास्त्राचे, प्रोग्रॅमिंगचे नेमके विषय आधीच पुरे केलेले लागतात. इतिहासात कितीही चांगली ग्रेड असली तरी ती तिथे उपयोगी पडत नाही. याचं मला साहजिकच वाईट वाटलं!

माझ्या भाचीच्या मुलाचं असंच झालं. भौतिकशास्त्राचा एक विषय त्याला हवा होता त्या सत्रात जागा भरल्यामुळे मिळाला नाही. तो विषय पुढच्या विषयाची पायरी, आणि पुढचा विषय अर्जाची अट. एक पायरी हुकली आणि दोनाची तीन वर्षं झाली. मधल्या काळात तो संध्याकाळी एका दुकानात काम करायचा. वर्गात त्याच्या शेजारी चाळिशीची एक नर्स बसायची आणि सैन्यातून परतलेला एक तरुण. "आजोबा, मला अभ्यास कसा करायचा ते तिने शिकवलं," असं तो मला फोनवर त्या नर्सबद्दल म्हणाला होता. २०२१ साली त्याला विद्यापीठात जागा मिळाली. पहिल्या पसंतीची शाखा नव्हे, दुसऱ्या पसंतीची. दोन वर्षांत पदवी घेऊन तो बाहेर पडला.

तो एकटा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी घेणाऱ्या दहांपैकी साधारण तिघांनी शिक्षणाची सुरुवात कम्युनिटी कॉलेजात केलेली असते. आणि एकदा आत आल्यावर ही मुलं थेट आलेल्यांच्या जवळजवळ बरोबरीने पदवी पुरी करतात. 'ॲपल'चे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक हेही बर्कलेला जाण्याआधी क्युपर्टिनोच्या डी ॲन्झा कॉलेजात शिकले होते. पण जे आत पोचले त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. दारापर्यंत येऊन परत फिरलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी आहे, हे क्लार्क यांचं म्हणणं विसरून चालणार नाही.

'ज्युनिअर कॉलेज' हे हार्परच्या काळातले दोन शब्द आपल्याकडेही आले. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि गावोगावी या नावाच्या पाट्या लागल्या. मीही अशाच पाटीखाली नोकरी केली. पण आपण पाटी घेतली, आतला जिना घेतला नाही. आपलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिथून पुढे पुन्हा एकाच परीक्षेचा उंबरठा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली आहे. केलेल्या अभ्यासाची नोंद आता पुसली जाणार नाही, हे चांगलंच झालं. पण कॅलिफोर्नियाचा धडा असा, की नुसत्या खात्यात गुण जमा होऊन भागत नाही. ते कोणत्या विषयाऐवजी चालतील याचे करार लागतात आणि वरच्या वर्गात त्यांच्यासाठी जागा राखाव्या लागतात. १९६० साली केर आणि मंडळींनी चाळीस-साठचं प्रमाण घातलं नसतं, तर त्या दारामागे भिंतच असती.

आता शेवटी माझ्या बहिणीचं. पुण्याला परतल्यावर तिने विचारलंच, "नातू कुठल्या कॉलेजात?" मला खोटं बोलता येईना. मी सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून मुलं डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जातात, तसंच ना? शेजारच्या वाड्यातला नाही का गेला! मग यात लपवण्यासारखं काय आहे?"

त्याच संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला. पलीकडे भाची बराच वेळ गप्प होती, आणि मग रडायला लागली. तीन महिने छातीवर घेतलेलं ओझं उतरलं होतं.