फवारणी ड्रोनचे फर्मवेअर अपडेट: हंगाम न चुकवता, मात्रा न बिघडवता

मागच्या खरिपात सोयाबीनच्या एका प्लॉटवर पाहणीसाठी गेलो होतो. तक्रार साधी होती. ड्रोनची १० लिटरची टाकी नेहमी एक एकर पुरायची, ती आता ३३ गुंठ्यांतच संपत होती. नोझल तपासून झाले होते, नळ्या पाहून झाल्या होत्या, पंपही ठीक चालत होता. शेवटी दोष सापडला तो ॲपमध्ये. चार दिवसांपूर्वी रात्री घरी बसून फर्मवेअर अपडेट केले होते आणि त्यात पंपाचे कॅलिब्रेशन कारखान्याच्या मूळ आकड्यावर गेले होते. ॲप जुनाच प्रवाह दाखवत होते, प्रत्यक्षात औषध एकरी पाचव्या हिश्श्याहून जास्त पडत होते. ड्रोन मात्र सरळ आणि स्थिर उडत होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

अपडेट बिघडले की ड्रोन पडतो, एवढीच भीती आपल्याला असते. पण शेतकऱ्याचे नुकसान अनेकदा ड्रोन नीट उडत असतानाच होते. म्हणून अपडेट पूर्ण झाल्याचा संदेश दिसला म्हणजे काम संपले असे समजू नये. पाण्याने फवारणी मोजून झाल्यावरच ते संपते.

फर्मवेअर म्हणजे काय?

ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरमध्ये कायम बसवलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात. मोटरी किती वेगाने फिरवायच्या, उंची कशी राखायची, बॅटरी कमी झाल्यावर काय करायचे, पंप किती चालवायचा हे सर्व तीच ठरवते. फवारणी ड्रोनमध्ये असे फर्मवेअर एकाच ठिकाणी नसते. रिमोट, जीपीएस, उंची मोजणारा रडार, मोटरींचे ईएससी आणि स्मार्ट बॅटरी यांचेही स्वतंत्र फर्मवेअर असू शकते. एक भाग नवा आणि दुसरा जुना राहिला तर त्यांचा मेळ बसत नाही. बॅटरीचे तीन-चार सेट असतील तर सगळे सेट तपासावेत. चौथा सेट विसरला जातो आणि नेमका शेतात आठवतो.

अपडेट कधी करावे, कधी टाळावे?

- फवारणीच्या आदल्या रात्री किंवा ऐन हंगामात अपडेट करू नये. खरिपाच्या फवारण्या संपल्यावर आणि रब्बीच्या सुरू होण्याआधी मिळणारा मोकळा काळ यासाठी उत्तम.
- कंपनीने सुरक्षिततेशी संबंधित सूचना दिली असेल तर हंगामातही अपडेट करावे, पण त्यानंतरच्या चाचणीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.
- ॲपवर सूचना दिसली म्हणून लगेच बटण दाबू नये. नव्या व्हर्जनमध्ये काय बदलले आहे ते आधी वाचावे. तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नसेल तर हंगाम संपेपर्यंत थांबल्याने बिघडत नाही.
- ड्रोन नीट चालत नसेल तर आधी दोष शोधावा. सैल वायर किंवा वाकलेला पंखा अपडेटने दुरुस्त होत नाही.

अपडेटपूर्वीची तयारी

१) सेटिंगची नोंद: ॲपमधील प्रत्येक सेटिंग पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. उडण्याची उंची, वेग, पट्ट्याची रुंदी, पंपाचे कॅलिब्रेशन, घरी परतण्याची उंची, बॅटरीची इशारा पातळी आणि सध्याचे व्हर्जन हे सात आकडे वहीत हाताने लिहावेत. आर्डूपायलटवर चालणारा कंट्रोलर असेल तर मिशन प्लॅनरमधून पॅरामीटरची पूर्ण फाइल जतन करावी.

२) टाकी: टाकी रिकामी करून स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावी. अपडेटनंतर पंप अचानक सुरू होऊ शकतो. घरात किंवा अंगणात औषधाचा फवारा उडता कामा नये.

३) पंखे काढणे: ही पायरी कधीही सोडू नये. बॅटरी जोडलेली असताना चुकीच्या आज्ञेने मोटर फिरू शकते आणि फवारणी ड्रोनचा मोठा पंखा बोटे तोडू शकतो. पाती दुमडून ठेवणे म्हणजे पंखे काढणे नव्हे. मोटर फिरताच दुमडलेली पाती आपोआप उघडतात. काढण्यापूर्वी प्रत्येक पंखा आणि त्याची मोटर यांवर मार्करने एकच क्रमांक लिहावा आणि फोटो काढावा. उजवीकडे व डावीकडे फिरणारे पंखे वेगळे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ड्रोन उडताक्षणी उलटतो.

४) वीज: ड्रोनची बॅटरी, रिमोट आणि लॅपटॉप हे तिन्ही पूर्ण चार्ज असावेत. सहा सेलची लिपो बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर २५.२ व्होल्ट, तर बारा सेलची ५०.४ व्होल्ट दाखवते. लॅपटॉप आपोआप बंद होण्याची सेटिंग काढून टाकावी. डेस्कटॉप वापरणार असाल तर भारनियमनाची वेळ पाहूनच बसावे.

५) फाइल आणि केबल: फाइल कंपनीच्या अधिकृत ॲपमधून किंवा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली फाइल वापरू नये, मग ती ओळखीच्या पायलटने पाठवलेली असली तरी. चांगल्या नेटवर्कच्या ठिकाणी फाइल आधी उतरवून घ्यावी. केबल डेटा केबल असावी. काही केबलमधून फक्त चार्जिंग होते.

प्रत्यक्ष अपडेट

ड्रोन सावलीत, सपाट व कोरड्या जागी ठेवावा. मुले आणि जनावरे जवळ नसावीत. कंपनीने ठरवून दिलेला क्रम पाळावा, रिमोट आधी की ड्रोन आधी हे मनाने ठरवू नये. एका वेळी एकच भाग अपडेट करावा. तो पूर्ण झाल्यावर ड्रोन बंद करून पुन्हा सुरू करावा, नवे व्हर्जन दिसते का ते पाहावे आणि मगच पुढचा भाग घ्यावा. काम चालू असताना केबल हलवू नये, ॲप सोडून दुसरीकडे जाऊ नये, फोनचा हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या फोनवर कॉल घेऊ नये.

अपडेट मध्येच थांबले तर घाबरून लगेच बॅटरी काढू नये. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ जाऊ द्यावा. त्यानंतरही प्रगती नसेल तर ड्रोन बंद करून तीच फाइल पुन्हा टाकावी. बहुतेक कंट्रोलरमध्ये मूळ बूटलोडर शाबूत राहतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नात काम होते. दोनदा अपयश आले तर तिसरा प्रयोग न करता सर्व्हिस सेंटर गाठावे. स्क्रीनवरील चुकीच्या संदेशाचा फोटो सोबत न्यावा.

अपडेटनंतर, पंखे बसवण्यापूर्वी

- वहीतील सातही आकडे नव्या सेटिंगशी एकेक करून ताडून पाहावेत. जतन केलेली जुनी फाइल डोळे झाकून परत भरू नये. नव्या व्हर्जनमध्ये एखाद्या पॅरामीटरचे नाव, अर्थ किंवा एकक बदललेले असू शकते.
- घरी परतण्याची उंची विशेष लक्षपूर्वक पाहावी. आर्डूपायलटमध्ये ही उंची बराच काळ सेंटिमीटरमध्ये भरली जात आली आहे, म्हणजे १५ मीटरसाठी १५००. तिथे चुकून १५ भरले तर ड्रोन पुरेसा वर न चढता जवळजवळ फवारणीच्याच उंचीवरून परत निघतो आणि बांधावरच्या चिंचेत किंवा विजेच्या तारेत अडकतो. तुमच्या व्हर्जनमध्ये एकक कोणते आहे ते पाहून, शिवारातील सर्वांत उंच झाड व खांब यांपेक्षा जास्त उंची ठेवावी.
- ॲक्सेलरोमीटरचे कॅलिब्रेशन सपाट फरशीवर करावे. कंपासचे कॅलिब्रेशन मोकळ्या शेतात करावे. पत्र्याची शेड, ट्रॅक्टर, बोअरचा पंप आणि विजेच्या तारा यांपासून दूर जावे. खिशातील मोबाइल व किल्ल्या बाजूला ठेवाव्यात.
- मोटर चाचणीत प्रत्येक मोटर योग्य क्रमाने व योग्य दिशेने फिरते का ते पाहावे.
- रिमोटची प्रत्येक कळ तपासावी. मोड बदलल्यावर ॲपमध्ये तोच मोड दिसला पाहिजे.
- पंखे काढलेले असतानाच रिमोट बंद करून पाहावा. संपर्क तुटल्याचा इशारा ॲपमध्ये आला पाहिजे. ही चाचणी ड्रोन हवेत असताना करू नये.

पंपाची तपासणी: सर्वांत महत्त्वाची पायरी

एकरी किती द्रावण पडते ते चार गोष्टींवर ठरते: पंपाचा प्रवाह, ड्रोनचा वेग, पट्ट्याची रुंदी आणि एकराचे क्षेत्र, म्हणजे ४०४७ चौरस मीटर. अपेक्षित प्रवाह असा काढावा:

एकरी लिटर × वेग (मीटर प्रति सेकंद) × पट्ट्याची रुंदी (मीटर) × ६० ÷ ४०४७ = लिटर प्रति मिनिट

उदाहरण: एकरी १० लिटर, वेग ४ मीटर प्रति सेकंद, पट्टा ४ मीटर.
१० × ४ × ४ × ६० ÷ ४०४७ = २.३७ लिटर प्रति मिनिट.
चार नोझल असतील तर प्रत्येकातून मिनिटाला साधारण ५९० मिलि पाणी आले पाहिजे.

आता पंखे काढलेले असतानाच टाकीत स्वच्छ पाणी भरावे. आधी पंप चालवून नळीतील हवा काढावी. मग ॲपमध्ये २.३७ लिटरचा प्रवाह देऊन प्रत्येक नोझलखाली भांडे धरावे आणि बरोबर एक मिनिट पाणी गोळा करून मोजमापाच्या जारने मोजावे. हे तीन वेळा करून सरासरी घ्यावी. एखादे नोझल इतरांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वेगळे असेल तर ते साफ करावे किंवा बदलावे. सगळीच नोझल सारख्या प्रमाणात जास्त किंवा कमी देत असतील तर दोष कॅलिब्रेशनचा समजावा आणि ॲपमधील पंप कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

फरक किती पडतो ते पाहा. वरील उदाहरणात प्रवाह २.३७ ऐवजी २.९ लिटर झाला, तर एकरी १२.२ लिटर पडतात आणि टाकी ३३ गुंठ्यांत संपते. प्रवाह १.९ झाला, तर एकरी फक्त ८ लिटर पडतात आणि तीच टाकी ५० गुंठे चालते. टाकीत औषध एक एकराच्या हिशोबाने मिसळलेले असते. हातपंपाच्या तुलनेत ड्रोनचे द्रावण कितीतरी घट्ट असते, त्यामुळे पहिल्या चुकीत पाने करपण्याचा धोका, तर दुसऱ्या चुकीत कीड न मरता फवारणीचा खर्च वाया. टाकी जास्त पुरते म्हणून खूश होणारा शेतकरीच यात जास्त फसतो, कारण नुकसान आठ दिवसांनी दिसते.

पहिले उड्डाण फक्त पाण्याने

पंखे क्रमांकानुसार बसवून बोल्ट घट्ट करावेत. वारा शांत असताना, माणसे व जनावरे नसलेल्या मोकळ्या शेतात टाकीत थोडे पाणी घेऊन उड्डाण करावे. ३ मीटर उंचीवर दोन मिनिटे ड्रोन एका जागी ठेवावा. तो गोल फिरत किंवा सरकत असेल तर लगेच उतरवून कंपास पुन्हा तपासावा. नंतर घरी परतण्याचे बटण दाबून तो ठरलेल्या उंचीवर जातो का ते पाहावे.

शेवटी १० गुंठे मोजून घ्यावेत. टाकीत ५ लिटर पाणी भरून नेहमीच्या वेगाने तेवढेच क्षेत्र फवारावे. एकरी १० लिटरच्या हिशोबाने २.५ लिटर खर्च व्हायला हवे. उरलेले पाणी काढून मोजावे. पाव लिटरपेक्षा जास्त फरक आला तर औषध भरू नये.

नियम आणि वॉरंटी

ड्रोन नियम २०२१ नुसार टाइप सर्टिफिकेट ड्रोनच्या ठरावीक मॉडेलला मिळते आणि उडणारा ड्रोन त्याच्याशी सुसंगत असावा लागतो. म्हणून कंपनीने न दिलेले फर्मवेअर टाकणे हे केवळ वॉरंटीचे प्रकरण राहत नाही. छंद म्हणून एफपीव्ही ड्रोन उडवणारी काही मुले आता फवारणीच्या कामात येत आहेत. त्यांना स्वतः फर्मवेअर बदलण्याची सवय असते. ती सवय इथे चालणार नाही. मात्र फर्मवेअर टाकण्याआधी सगळी सेटिंग जतन करण्याची त्यांची शिस्त प्रत्येक पायलटने जरूर घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटाचा किंवा नमो ड्रोन दीदी योजनेतील ड्रोन असेल तर एक वही ड्रोनसोबतच ठेवायला सांगावे. तारीख, जुने व नवे व्हर्जन, कोणी अपडेट केले, नोझलनिहाय मिलि आणि १० गुंठ्यांच्या चाचणीतील खर्च एवढ्या पाच नोंदी पुरेशा आहेत. अपडेट करणारा आणि फवारणारा वेगळा असेल तर फवारणाऱ्याने वहीतील शेवटची ओळ वाचल्याशिवाय टाकीत औषध ओतू नये. आणि शेतकऱ्यांनाही सांगावे: टाकी किती गुंठ्यांत संपली हे दर वेळी विचारा. ड्रोनमधील बिघाड ओळखण्यासाठी ॲपपेक्षा हा एक प्रश्न लवकर उपयोगी पडतो.